कॅसेटची कोरी बाजू

कुंदामावशीने आपल्या आईला पाठवायच्या कॅसेटवर जे बोलून ठेवलं होतं ते मी पुसलं, आणि त्यावर एका परक्या बाईचं इटालियन भाषेतलं रडणं टेप केलं. मुद्दाम नाही केलं. पण मुद्दाम ठरवून केलेली कुठलीच गोष्ट माझ्या हातून इतकी नीट पार पडलेली नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात चार माणसं होती. बाबा मोटारीच्या कंपनीत दारांच्या बिजागऱ्या बघायचे. आठ वर्षं फक्त बिजागऱ्या. आई एका शाळेच्या ऑफिसात होती. मी घरूनच जवळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जात होतो. आणि वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीला लागून असलेल्या शिवणाच्या खोलीत, आईची धाकटी बहीण कुंदामावशी राहायला आली होती. तिचा नवरा ओहायोत असायचा. त्याने नागपूरला येऊन बारा दिवसांत लग्न उरकलं, तिला इकडे आणलं, आणि वर्षभराने एका शुक्रवारी आमच्या दारात गाडी थांबवून म्हणाला, चार दिवस बहिणीकडे राहून ये. त्या चार दिवसांचे आता आठ महिने झाले होते. त्याच्या घरात दुसरी कुणी राहत होती हे आम्हाला कळलं ते मावशी स्वतः बसने तिकडे जाऊन आली तेव्हा. तासभर ती त्याच्या दाराची बेल वाजवत उभी होती. आत टीव्ही चालू होता. कुणीतरी येऊन पडदा ओढला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला, एवढंच झालं.

ही गोष्ट आमच्या मंडळाच्या लोकांना कशी कळली कोण जाणे, पण संक्रांतीच्या कार्यक्रमापर्यंत ती सगळीकडे पोचली होती. एका चर्चचं तळघर भाड्याने घेऊन आमचं मंडळ भरायचं. पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम, सावर क्रीमचं श्रीखंड, आणि रव्याच्या जागी क्रीम ऑफ व्हीटचा शिरा, असं सगळं एका लांब टेबलावर मांडलेलं असे. मावशी ताट घेऊन आली की तिथल्या काकूंचे आवाज एकदम खाली जायचे आणि ती पुढे सरकली की पुन्हा वर यायचे. तमाशा केला म्हणे तिथे जाऊन, असं एक काकू म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, ॲडजस्ट करायला नको का थोडं. आणि इथे माझ्या नावावर एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहून टाकतो. मंडळातल्या आम्हा पोरांच्या टोळक्यात मी नकलाकार म्हणून प्रसिद्ध होतो. त्या तळघरात, कोटांच्या रांगेमागे, मी मावशीची नक्कल केली. एका हातात पर्स, दुसऱ्या हाताचं बोट हवेतल्या बेलवर, टिंग टाँग, टिंग टाँग, आणि दर दोन टिंग टाँगनंतर डोक्यावरची टोपी नीट करायची. पोरं हसून लोळली. टोपीची ती लकब मी घरातच पाहून ठेवली होती. त्या दिवशी ती टोपी तिने नवऱ्यासाठी नीट केली असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही.

नागपूरला आजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. जावयाचा प्रोजेक्ट आहे, तो सारखा फिरतीवर असतो, म्हणून कुंदा मोठीकडे राहते, अशी गोष्ट आईने आणि मावशीने मिळून रचली होती. आजीला ब्लडप्रेशर होतं, आणि आमच्या घरात ब्लडप्रेशर असलेल्या माणसाला खरं सांगायचं नाही असा अलिखित नियम होता. फोन महाग, तोही तिकडे आजीच्या शेजारच्यांकडे, तेव्हा आमचं बोलणं चालायचं ते कॅसेटवर. आता मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. रविवारी जेवणं झाली की जेवायच्या टेबलावर टेपरेकॉर्डर यायचा, बाबा दोन बटणं एकदम दाबायचे, खटक आवाज व्हायचा आणि सगळ्यांचे चेहरे फोटोला बसल्यासारखे व्हायचे. बाबा हवामान सांगायचे, बर्फ किती इंच पडला ते. आई विचारायची, पाय कसे आहेत, लोणच्यात मीठ जास्त झालं होतं का. मी एकच वाक्य म्हणायचो, आजी नमस्कार, अभ्यास चालू आहे. तीस मिनिटांची एक बाजू भरली की कॅसेट जाड पाकिटात घालून नागपूरला जायची, आणि महिना-दीड महिन्याने तीच कॅसेट त्यावर आजीचा आवाज घेऊन परत यायची. तीच ती कॅसेट, जुनं बोलणं पुसून त्यावर नवं. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारके कान असतात, ते तोडले की तिच्यावर पुन्हा टेप करता येत नाही. बाबांचा सक्त हुकूम होता, कान तोडायचे नाहीत. चांगली वस्तू एका बोलण्यात कशाला संपवायची.

मी त्या टर्मला संगीताचा आस्वाद असला काहीतरी विषय घेतला होता. नुसतं ऐकायचं आणि पास व्हायचं, असा माझा हिशोब. शिकवायला मिसेस नोवाक नावाच्या बाई होत्या, निवृत्तीला टेकलेल्या, कायम खोकणाऱ्या, वर्गात येताना खडूपेक्षा खोकल्याच्या गोळ्या जास्त आणणाऱ्या. त्यांनी आम्हाला दोनशे वर्षांपूर्वीचा एक ऑपेरा लावून दिला. त्या संगीतकाराचं नाव मी वर्गात तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारलं आणि तिन्ही चुकलो, तेव्हापासून ते घ्यायचंच सोडलं आहे. गोष्ट साधी होती. एक सरदार एका बाईला लग्नाचं वचन देऊन पळून जातो, ती गावोगाव त्याला शोधत फिरते, आणि सापडतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या लग्नाची पंगत चालू असते. ती तशीच प्रवासाच्या कपड्यांत पंगतीत शिरते आणि गायला लागते. पाहुणे आधी गप्प होतात, मग हसायला लागतात. वाद्यांतले कर्णेसुद्धा त्यांच्याबरोबर हसतात. तिचा आवाज एकदम वर चढतो, एकदम खाली कोसळतो, जिना चढून गेल्यावर कशाला आलो हे विसरलेल्या माणसासारखा. वर्गही हसला. मी तर हसण्यात पुढेच होतो.

मिसेस नोवाकनी रेकॉर्डवरची सुई उचलली. त्या म्हणाल्या, हसा, हसायलाच ठेवलंय ते, पण आता पुन्हा लावते आणि या वेळी तिच्याकडे लक्षच देऊ नका, खाली व्हायोला काय करतात ते ऐका. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जरा घोगऱ्या आवाजाची बहीण. आणि खरंच, वर एवढा गोंधळ चाललेला असताना त्या व्हायोला खाली एकच सूर संथपणे धरून होत्या. त्या एकदाही हसल्या नाहीत. पंगत कुणाच्याही बाजूची असो, संगीतकार कुठे बसला आहे ते तिथे कळतं, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक जागा दाखवली. ती बाई पंगतीत शिरते आणि गायला तोंड उघडते, त्याच्या आधी सगळी वाद्यं थांबतात. मोजून एक क्षण काहीच नाही. त्यानंतर तिची चाल सुरू होते, आणि ती चाल दर वेळी आता षड्जावर येऊन टेकणार असं वाटतं आणि ऐनवेळी दुसरीकडेच वळते. बाबांच्या नाट्यसंगीतात अशी टाकलेली बाई असती तर तिने देवाला हाक मारून, समेवर येऊन, वन्समोअर घेतला असता. हिला सम नव्हतीच. "सगळे म्हणतात ती संतापलेली आहे," मिसेस नोवाक म्हणाल्या, "पण तिच्या शेवटच्या ओळी ऐका. ती दमली आहे." आणि खोकल्याची गोळी तोंडात टाकून त्यांनी आम्हाला पेपर, म्हणजे निबंध, लिहायला सांगितला: या बाईला लोक काय समजतात आणि संगीत काय समजतं.

लायब्ररीतली रेकॉर्ड माझ्या आधी कुणीतरी घेऊन गेलं होतं. पण तोच ऑपेरा शनिवारी दुपारी रेडिओवर होता. आई आणि मावशी किराणा आणायला गेल्या होत्या, बाबा तळघरात घर तापवणाऱ्या फर्नेसशी भांडत होते. पंगतीचा प्रवेश दुसऱ्या अंकात. पहिल्या अंकाशी माझं काही काम नव्हतं, तरी तोही टेप करून ठेवावा असा नसता उत्साह मला आला, आणि अंक संपता संपता माझी कॅसेट संपली. मी स्वयंपाकघरात धावलो. फ्रिजशेजारच्या टेपरेकॉर्डरमध्ये नागपूरची कॅसेट होती. एक बाजू लावली, तिच्यावर बाबांचा बर्फ. उलटवली, सुरुवातीपर्यंत मागे नेली, लावली. काही नाही. अर्धा मिनिट कान लावून बसलो. फ्रिजची बारीक गुरगुर सोडली तर काहीच नाही. कोरी आहे, असं ठरवून मी तिच्यावर ऑपेरा टेप करायला घेतला. कोऱ्या टेपवर फ्रिज ऐकू येत नसतो, हे मला आज कळतं. आणि कोरी बाजू मुळात कशाला कुणी इतकी पुढे नेऊन ठेवेल, हेही आज कळतं. एवढी अक्कल तेव्हा असती तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

अंक संपल्यावर मी बटण बंद केलं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेलो. परत आलो तेव्हा कॅसेट जागेवर नव्हती. आईने आवरून ठेवली असेल म्हणून मी विचारलंही नाही. पेपरही तिच्याशिवायच लिहिला, कारण ती बाई डोक्यात बसली होती, आणि मधे लायब्ररीतली रेकॉर्डही परत आली. पेपर चांगला झाला. त्यातलं एक अख्खं पान त्या थांबलेल्या क्षणावर होतं. अपमान झालेल्या माणसाला बोलण्याआधी किती वेळ लागतो हे या संगीतकाराला ठाऊक होतं, असं काहीतरी मी लिहिलं. मिसेस नोवाकनी समासात बरोबरची मोठी खूण केली आणि ए दिला.

मग एके संध्याकाळी भाजी चिरता चिरता आई म्हणाली की कुंदाने अखेर आईला सगळं सांगितलं बरं का. मागे एका गुरुवारी घरात कुणी नसताना कॅसेटवर बोलली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा जमलं. दोनदा नुसतीच बटण दाबून बसून राहिली होती म्हणे. पुन्हा ऐकायचं धाडस नव्हतं म्हणून तशीच पाकिटात घालून सोमवारी पोस्टात टाकून आली. मी विचारलं, कुठली कॅसेट. आई म्हणाली, आपल्याकडे कॅसेटी आहेत किती.

आता, शहाणा मुलगा काय करेल ते मला माहीत आहे. तो जिना चढून वर जाईल आणि सांगेल. मी जिना चढून वर गेलो आणि माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. आमच्या दोघांच्या मधे एक पातळ भिंत होती, आणि तिच्यातून मला मावशी गुणगुणताना ऐकू आली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. सांगून मोकळी झाली होती ती. जेवताना दुसरी पोळी घ्यायला लागली. कामावरून येताना आई पेटीतलं टपाल आणायची, आता मावशी दुपारीच टोपी घालून जाऊन पाहून यायची. महिना तरी लागतो अगं, असं आई समजवायची. मी रोज ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज काहीतरी निघायचं. कधी बाबा ऑफिसातून येऊन सांगायचे की आज आणखी दोघांची टेबलं रिकामी झाली, आणि जेवण तिथेच आटपायचं. कधी बर्फ, कधी परीक्षा. खरं म्हणजे ती पेटीकडे जाताना इतकी सरळ चालायची की तिला थांबवणं माझ्याच्याने झालं नाही. त्या सहा आठवड्यांचा थकवा मला अजून आठवतो. दिवसभर बर्फ उपसला तरी माणूस इतका दमत नाही, जितका एक वाक्य घशात धरून ठेवल्याने दमतो.

कॅसेट मार्चच्या एका शनिवारी आली. मावशी म्हणाली, सगळ्यांसमोरच लावा, आता लपवायचं काही राहिलं नाही. दुपारची जेवणं व्हायची होती, कुकर शिट्टीला आला होता. बाबांनी बटण दाबलं. आजीचा आवाज आला, नेहमीसारखा टेपरेकॉर्डर बहिरा असल्यासारखा मोठा. पाय बरे आहेत. लोणच्यात मीठ बरोबर होतं. शेजारच्यांची म्हैस विकली. मग ती थांबली, खाकरली, आणि म्हणाली:

"कुंदे, दुसऱ्या बाजूला तू ते गाणं लावून पाठवलंस. ती बाई लई वेळ ओरडून राहिली होती. भाषा काही कळली नाही. मला वाटलं, चुकून आलं. पण मग शेवटी तुझा आवाज आला, आई, हे सगळं असं आहे, याहून जास्त मला बोलवत नाही, म्हणून. मग मी ते पुन्हा लावलं. तीनदा ऐकलं. त्याने टाकलं ना तुला? लोक हसून राहिले होते तिला, ते ऐकू येत होतं. तुलाही हसले असतील. हसू दे. ब्लडप्रेशर ठीक आहे माझं. तुझी खोली झाडून ठेवली आहे. यायचं तर ये, नाही यायचं तर नको येऊ, पण असं गाणं लावून सांगत जाऊ नको, सरळ सांगत जा."

अंक बावीस मिनिटांचा होता आणि मावशी चोवीस मिनिटं बोलली होती. तेवढी शेपूट वाचली होती.

कुकरने शिट्टी दिली, कुणी उठलं नाही. "कुठलं गाणं?" मावशी म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. आई लोकांना हे कसं कळतं याच्यावर कुणी अजून पेपर लिहिलेला नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, रेडिओ, संपलेली कॅसेट, फ्रिजची गुरगुर, सहा आठवडे. बिजागऱ्यांच्या माणसाने खाली पाहत एवढंच म्हटलं की कान तोडायला हवे होते. मावशीने टेपरेकॉर्डरची वायर काढली, तो उचलून छातीशी धरला आणि वर गेली. भिंतीपलीकडून उरलेला दिवसभर आजीचा आवाज येत राहिला, लोणचं, म्हैस, खोली झाडून ठेवली आहे, आणि पुन्हा मागे नेल्याचा किरकिर आवाज.

ती गेली नाही नागपूरला. जाता येईल एवढं कळलं, तेवढ्याने तिचं काम झालं असावं. त्या उन्हाळ्यात तिने एका दवाखान्याच्या ऑफिसात टायपिंगची नोकरी धरली, पुढे घटस्फोट घेतला, पुढे फ्रीमाँटला गेली, आणि आज तिथल्या मंडळात काकू लोक तिला घाबरून असतात असं ऐकतो. पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारनंतरचा रविवार मात्र माझ्या खात्यावर आहे.

मला माफी मागायची होती, आणि नुसती माफी मागणं मला कधीच जमलेलं नाही. मी माझा पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मावशी कोबी चिरत होती. मी म्हटलं, तुझ्या बोलण्यावर जे टेप झालं ते काय होतं हे तरी ऐक, म्हणजे तुला कळेल की ते वाईट नव्हतं. आणि उभ्या उभ्या अख्खा पेपर मराठीत भाषांतर करत वाचून दाखवला. सरदार, पंगत, हसणारे कर्णे, न हसणाऱ्या व्हायोला, सम न सापडणारी चाल. संगीतकार कसा तिच्या बाजूला बसलेला असतो. ती कशी संतापलेली नसते, दमलेली असते. बेलची नक्कल मात्र त्यात नव्हती, आणि तीही मी सांगितली नाही. ती मावशीला आधीच माहीत होती हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं. कोबी संपला तेव्हा तिने दुसरा घेतला. मग मी, फार समजूतदार झाल्यासारखा, एक खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं की मावशी, तू त्या बाजूला काय बोलली होतीस.

तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले. जरा वेळ काहीच बोलली नाही. मग हळू म्हणाली, "आधी तर मी नुसतीच बसले होते, बटण दाबून. शब्दच…"

"हो, ते ऐकलं मी," मी म्हटलं, "ती शांतता. म्हणजे बघ, गंमत अशी की त्या संगीतकारानेसुद्धा नेमकं तिथेच, पान तीनवर मी लिहिलंय ते, ती बाई गायला लागायच्या आधी…"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. सुरी उचलली, कोबीचा उरलेला अर्धा पुढे ओढला.

"शिऱ्या," ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा तो टेपरेकॉर्डर बरा होता. मधे बोलत तरी नव्हता."